शिरा, रस्सा आणि चिंच: कुत्रा असलेल्या घराचं स्वयंपाकघर कसं तपासायचं

कुत्र्याला काय घालू नये याची यादी शोधली की मॅकाडेमिया नट आणि अ‍ॅव्होकाडो हमखास वरच्या ओळीत सापडतात. आमच्या घरात मॅकाडेमिया कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. चिंच मात्र वर्षाची भरून ठेवलेली असते आणि त्या याद्यांमध्ये तिचं नावही नसतं. कांदा-लसूण मसाल्याची बरणी, सत्यनारायणाचा शिरा, रविवारच्या मटणाचा उरलेला रस्सा, कुंडीत टाकलेला चहाचा चोथा, या वाटांनी आपल्याकडच्या कुत्र्यांच्या पोटात नको ते जातं. बहुतेक वेळा कुणीतरी मायेनं भरवलेलं असतं. तयार यादी बाजूला ठेवून आपलंच स्वयंपाकघर पायरीपायरीनं कसं तपासायचं ते सांगते.

पहिली पायरी: वजन

स्वयंपाकघरात शिरण्याआधी कुत्र्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहा. मग त्याला खाली सोडून एकट्यानं उभं राहा आणि वजाबाकी करा. लॅब्रॅडॉरसारखा मोठा गडी असेल तर दवाखान्यातल्या काट्यावर न्या. हा आकडा पाठ हवा, कारण विषारी पदार्थाचा हिशोब किलोमागे होतो.

"आमच्या गावाकडे सगळी कुत्री रस्सा-भाकरी खातात, कुणाला काय होत नाही," हे वाक्य प्रत्येक घरात एकदा तरी ऐकू येतं. माझ्या आईच्या तोंडी ते आजही असतं. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. वाड्यावरचं कुत्रं वीस किलोचं असतं आणि त्याच्या वाट्याला रश्श्यात बुडवलेली एक चतकोर येते. फ्लॅटमधल्या तीन किलोच्या पॉमेरेनियनला तेवढीच चतकोर घातली, तर किलोमागे जवळजवळ सातपट माल पोटात गेला. शिवाय गावातलं कुत्रं चार दिवस मलूल पडून गोठ्यामागे मेलं, तर ते कशानं मेलं याचा तपास कुणी करत नाही. त्यामुळे "काय होत नाही" हा निष्कर्ष मुळात वाचलेल्या कुत्र्यांवरून काढलेला असतो.

दुसरी पायरी: कांदा-लसणाचा माग काढा

हे सगळ्यात अवघड काम, कारण आपल्या स्वयंपाकात कांदा-लसूण कुठे नाही हेच शोधावं लागतं. दोन्हींमधली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा करतात. पेशी फुटत जातात आणि रक्तक्षय होतो. शिजवून, तळून, वाळवून हा गुण जात नाही. उलट वाळवल्यावर पाणी उडून जातं आणि चमचाभर पुडीत कितीतरी कांदा मावतो. त्यामुळे कांद्याच्या भज्यांपेक्षा कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला जास्त जपून ठेवायची वस्तू आहे. कांद्याची पात, लसणाची चटणी, तयार सुपांची पाकिटं, नूडल्सच्या पुडीतला मसाला, सगळं याच कुळातलं. लसूण वजनाला वजन कांद्यापेक्षा अधिक तीव्र मानतात.

कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे साधारण 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला तर रक्तात बदल दिसू लागतात. तीन किलोच्या कुत्र्याला 45 ग्रॅम म्हणजे अर्धा मध्यम कांदा झाला. रोज थोडंथोडं घातलं तरी नुकसान साठत जातं आणि ते लगेच दिसत नाही. रविवारी रस्सा खाल्लेलं कुत्रं गुरुवारी सुस्तावतं, तोवर रश्श्याची आठवणही कुणाला नसते. घरचे म्हणतात, उन्हानं झालं असेल.

त्यासाठी हिरड्या बघायला आजच शिका, कुत्रा ठणठणीत असतानाच. वरचा ओठ हलकेच उचला आणि सुळ्याच्या वरच्या हिरडीवर बोटानं दाबा. पांढरा ठिपका उमटतो, तो दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. आपल्याकडच्या बऱ्याच देशी कुत्र्यांच्या हिरड्या काळ्या असतात. तिथं खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. नेहमीचा गुलाबी रंग ओळखीचा असेल तरच फिकटपणा किंवा पिवळी झाक ध्यानात येते. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, कुत्रा जिना चढताना धापा टाकू लागला, तर त्या दिवशी दवाखाना गाठायचाच.

लसूण खाऊ घातल्यानं गोचिड्या जातात, असं सांगणारे शेजारी प्रत्येक सोसायटीत भेटतात. त्यांचं मनावर घेऊ नका. गोचिड्यांवर चांगली औषधं मिळतात. गोचिडीच्या तापानं आधीच रक्त कमी झालेल्या कुत्र्याला वर लसूण चारणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

तिसरी पायरी: बेदाणे आणि चिंच

आमचा गुंड्या अकरा किलोचा, रस्त्यावरून आणलेला. दोन वर्षांपूर्वी घरी सत्यनारायण होता. सव्वा वाटी रवा, तेवढंच तूप, तेवढीच साखर, केळं आणि वर सढळ हातानं बेदाणे. मावशीनं द्रोणभर प्रसाद गुंड्यासमोर ठेवला. "देवाचा आहे, त्यालाही पोचू दे." मी आरतीचं तबक घेऊन बाहेर आले तेव्हा तो द्रोणही चाटून झाला होता. मी तशीच रिक्षा केली. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन उलटी काढली आणि आम्ही दोघं वर्तमानपत्रावर वाकून बेदाणे मोजत बसलो. सोळा निघाले. द्रोणात किती होते ते मावशीला सांगता येईना. दोन दिवस सलाईन, तीन वेळा रक्त तपासणी, मूत्रपिंडं शाबूत. मावशी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. तिच्या मते मी प्रसादाचा अपमान केला होता.

द्राक्षं, बेदाणे आणि मनुका यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं एक ते तीन दिवसांत बंद पडतात. एक कुत्रा मूठभर खाऊन धडधाकट राहतो, दुसरा थोडेसे खाऊनही दगावतो. इतकी बिनधोक म्हणून एक मात्रा सांगता येत नाही, त्यामुळे दोन-चार खाल्ले तरी डॉक्टरांना फोन करायचा. हे कशानं होतं हे कोडं बरीच वर्षं सुटलं नव्हतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेच्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यकांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. मुलांना खेळायला घरी मळलेल्या पिठातलं क्रीम ऑफ टार्टर (टार्टारिक आम्लाचाच क्षार) खाल्लेल्या कुत्र्याची लक्षणं द्राक्षं खाल्लेल्या कुत्र्यांसारखीच दिसली, त्यावरून त्यांना धागा सापडला. द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे हे आम्ल कमीजास्त असतं. एका कुत्र्याला बाधतं आणि दुसऱ्याला नाही, याचाही काहीसा उलगडा त्यातून होतो.

आता आपला मुद्दा. टार्टारिक आम्लानं भरलेली दुसरी वस्तू म्हणजे चिंच, आणि चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याचं त्याच पशुवैद्यकांनी नोंदवलं आहे. आमटीत पडलेला चिंचेचा एवढासा कोळ आणि चिंचेचा अख्खा गोळा यांत फरक आहे, हे खरं. धोका आहे तो मीठ लावून ठेवलेल्या चिंचेच्या गोळ्याचा, भेळेच्या आंबटगोड चटणीच्या वाटीचा, मुलांच्या दप्तरातल्या चिंचगोळ्यांचा आणि अंगणात चिंचेचं झाड असेल तर खाली पडलेल्या आकड्यांचा. गोड लागतं म्हणून कुत्री हे आवडीनं चघळतात.

बेदाणे कशाकशात दडलेले असतात हे एकदा बोटांवर मोजा. शिरा, खीर, पुलाव, चिवडा, केक, काही बिस्किटं आणि गणपतीतली खिरापत. पंचखाद्यातला खिसमिसाचा 'ख' कुत्र्याला भोवतो. नाशिककडे किंवा तासगावच्या बाजूला द्राक्षबागेत कुत्रा मोकळा असेल तर छाटणीचे आणि गळलेले घड, बेदाण्याच्या शेडमधली सांडलवंड हेही बघावं लागतं.

चौथी पायरी: गोडाचे डबे, चहा-कॉफी आणि पाहुण्यांची पर्स

चॉकलेट वाईट हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे, पण कोणतं किती वाईट हे मोठ्यांनाही नसतं. त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. किलोमागे 20 मिलिग्रॅमला उलट्या आणि अस्वस्थपणा, 40 ते 50 ला हृदयाचे ठोके बिघडणं, 60 च्या आसपास झटके, असा ढोबळ हिशोब आहे. दुधाच्या चॉकलेटमध्ये ग्रॅममागे साधारण 2 मिलिग्रॅम, डार्कमध्ये 5 किंवा त्याहून जास्त आणि कोको पावडरीत 25 च्या घरात. तीन किलोच्या कुत्र्याला उलट्या व्हायला दुधाचं चॉकलेट 30 ग्रॅम लागेल, तर केकसाठी आणलेली कोको पावडर छोटा चमचाभर पुरते. तुमच्या ओट्यावर काय उघडं आहे त्याप्रमाणे घाबरा.

कॉफी आणि चहातलं कॅफीन याचंच भावंड. बशीत उरलेला घोटभर चहा चाटला तर आभाळ कोसळत नाही. पण दुधासाखरेसकट गाळलेला चोथा गुलाबाच्या कुंडीत टाकायची आपली सवय असते आणि त्या गोड वासानं कुत्रा कुंडी उकरतो. चोथा धुवून खड्ड्यात पुरा किंवा झाकणाच्या बादलीत टाका.

झायलिटॉल हे नाव मात्र नीट लक्षात ठेवा. बिनसाखरेचं च्युइंगम, काही टूथपेस्ट, माउथवॉश आणि परदेशी पीनट बटरच्या काही बरण्यांत ही साखरेऐवजीची गोडी असते. माणसाला निर्धोक. कुत्र्याच्या शरीरात ते गेलं की इन्सुलिनचा लोंढा सुटतो आणि अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते. कुत्रा झोकांड्या खातो, कोसळतो, झटके येतात. किलोमागे 100 मिलिग्रॅम एवढ्यानं हे होऊ शकतं आणि 500 च्या पुढे यकृताला धोका असतो. वेष्टनावर 967 हा आकडा दिसला तरी तेच समजा. अमेरिकेहून आलेल्या भाच्याची सॅक जमिनीवर ठेवू देऊ नका. पाहुण्यांच्या पर्स खुंटीला. माझ्या मते चॉकलेटपेक्षा याची भीती जास्त बाळगायला हवी, कारण इथं वेळ मिळत नाही.

पाचवी पायरी: हाडं, कोयी आणि तळणीचं तूप

शिजलेलं हाड ठिसूळ होतं आणि चावल्यावर त्याच्या टोकदार चिपा पडतात. कोंबडीचं तर हमखास. घशात, आतड्यात रुततात. प्रेशर कुकरमध्ये इतकं मऊ झालं की चिमटीत पीठ होतं, असं सांगणारे असतात. तसं खरंच होत असेल तर एखादं हाड सोडून द्यावं, पण नळीचं हाड तसं होत नाही.

मे महिन्यात कोय. आंब्याचा गर थोडा दिला तरी चालतो, पण कोय गुळगुळीत असते, सुटते आणि लहान कुत्र्याच्या आतड्यात बुचासारखी बसते. पावसाळ्यात दाणे खाऊन उरलेलं मक्याचं कणीस तसंच, आणि ते एक्स-रेत नेहमी नीट दिसत नाही, सोनोग्राफी करावी लागते. सारखी उलटी, शी बंद, पोटाला हात लावू न देणं, एवढं दिसलं की वाट पाहू नये.

दिवाळीतला त्रास वेगळा. चकली, शंकरपाळे, करंज्या, वर मटणाची चरबी आणि तर्री. एकदम एवढं तेलतूप पोटात गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कुत्रा पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच करून उभा राहतो, जणू साष्टांग नमस्काराच्या तयारीत. ते पोटदुखीचं लक्षण आहे, फोटो काढत बसू नका.

सहावी पायरी: कचऱ्याची बादली

बुरशी आलेली पोळी फेकण्याऐवजी गल्लीतल्या कुत्र्याला घालतात, पुण्य म्हणून. शिळी भाकरी घाला, काही बिघडत नाही. हिरवी-काळी बुरशी धरलेलं काहीही घालू नका. काही बुरश्यांच्या विषानं अंग थरथरायला लागून झटके येतात. भुईमूग आणि मक्यावरची बुरशी यकृत खाते. रस्त्यावरच्या कुत्र्यालाही यकृत एकच असतं.

यीस्ट घातलेलं पावाचं कच्चं पीठ पोटाच्या उबेत फुगत राहतं आणि त्यातून मद्यार्क तयार होतो. नाताळात गोव्याकडच्या घरांनी हे ध्यानात ठेवावं. दारूचे पेले जमिनीवर ठेवायचे नाहीत, हे सांगायला लागू नये पण 31 डिसेंबरला लागतं. खारे बोंबील, सुकट, लोणच्याचा खार हे मिठामुळे नको. हिरवे पडलेले बटाटे नको. जायफळाची चिमूट श्रीखंडात असते तेवढ्यानं काही होत नाही, अख्खं जायफळ पळवलं तर फोन करा.

दूध विष नाही. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना ते पचत नाही, जुलाब होतात, इतकंच. दूध-पोळीवर म्हातारी झालेली कुत्री मी पाहिली आहेत. जुलाब होत असतील तर दह्यावर या.

सातवी पायरी: घरच्यांना काय द्यायचं ते सांगा

"हे देऊ नको, ते देऊ नको" असं आजीला किंवा कामाच्या ताईंना सांगून उपयोग होत नाही. त्यांना द्यायची इच्छा असते, ती कुठेतरी वळवावी लागते. आमच्याकडे फोडणी घालण्याआधीचा भात आणि मटण-चिकनचे बिनहाडाचे उकडलेले तुकडे आधी काढून ठेवतात. कांदा पातेल्यात पडायच्या आधी कुत्र्याचा वाटा बाजूला, हा एकच नियम. उकडलेलं अंडं, भोपळा, गाजर, बिया काढलेलं सफरचंद, केळ्याचे दोन काप, ज्वारीच्या भाकरीचा तुकडा, घोटभर दही, एवढ्यात हौस भागते. प्रसादाचा मान ठेवायचा असेल तर बेदाणे टाकण्याआधी चमचाभर शिरा वेगळा काढा. चमचाभरच, तुपाचं विसरू नका.

आठवी पायरी: खाल्लंच तर

आधी घड्याळ बघा. किती वाजता खाल्लं, हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो. उलटी काढून फायदा होतो तो साधारण पहिल्या दोन तासांत. "लक्षणं दिसली तर नेऊ" म्हणून थांबलात तर ती वेळ निघून जाते. मग काय खाल्लं, अंदाजे किती, कुत्र्याचं वजन किती, एवढं सांगायला फोन करा. वेष्टन, उरलेला तुकडा, ओकलेलं असेल तर त्याचा फोटो बरोबर घ्या.

घरी उलटी काढायला मिठाचं पाणी पाजू नका. त्या मिठानंच कुत्री दगावतात. घशात बोटं, मोहरीचं पाणी, तेल नको. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. हायड्रोजन पेरॉक्साइडनं पोटाला जखमा होऊ शकतात, डॉक्टरांनी फोनवर मात्रा सांगितल्याशिवाय बाटली उघडू नका. कुत्रा गुंगीत असेल, झटके येत असतील किंवा टोकदार हाड गिळलं असेल तर उलटी अजिबात नको. दुधानं विष उतरत नाही. करपलेल्या भाकरीचा कोळसा म्हणजे दवाखान्यातला विष शोषून घेणारा सक्रिय कोळसा नव्हे, आणि झायलिटॉलवर तर तोही उपयोगी पडत नाही. झायलिटॉल खाऊन कुत्रा डुगडुगत असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं तर हिरड्यांना मध चोळत दवाखान्याकडे निघा.

रात्री उघडा असणारा दवाखाना आजच शोधून त्याचा नंबर फ्रिजवर लावा. मुंबईत परळच्या बाई साकरबाई रुग्णालयाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण नालासोपाऱ्याहून रात्री पावणेबाराला परळ गाठायचं म्हणजे वेळेची गाडी हुकलेलीच. जवळचा कुठला, हे माहीत हवं. खेड्यात 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकांचा क्रमांक आहे. तो मुख्यतः गाईगुरांसाठी चालतो, तरी विचारून बघायला पैसे पडत नाहीत. अमेरिकेत असाल तर एएसपीसीएचं विषबाधा केंद्र चोवीस तास फोन घेतं, शुल्क आकारून.

दवाखान्यातून घरी आल्यावर कुत्रा शेपटी हलवू लागला की तपासण्या चुकवायचा मोह होतो. द्राक्षं, बेदाणे किंवा चिंचेनंतर तीन दिवस मूत्रपिंडाच्या तपासण्या डॉक्टर सांगतील त्या क्रमानं करा. या काळात लघवी कितीदा झाली ते लिहून ठेवा, कमी झाली तर पुढच्या तारखेची वाट न बघता न्या. कांदा-लसणाचं असेल तर पहिल्या दिवशीचं रक्त चांगलं निघालं तरी चार-पाच दिवसांनी पुन्हा तपासा, आणि तोवर सकाळ-संध्याकाळ ओठ उचलून हिरडी दाबून पाहा.